स्तनातली गाठ : आधी सुई, मगच सुरी

रानजाई (मंगळवार, रात्री ९.४०)

नमस्कार. हा धागा काढायचं दोन वर्षं मनात आहे. आज ताईच्या ब्लाउजची बाही उसवत बसले होते, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

ताईच्या प्रत्येक नव्या ब्लाउजची उजवी बाही आम्ही उसवतो आणि आत एक कळी घालतो. तिचा उजवा हात २०१६ पासून डाव्यापेक्षा जाड आहे. त्या वर्षी तिच्या हाताला स्तनात सुपारीएवढी गाठ लागली. तालुक्याच्या गावातल्या एका हॉस्पिटलात दाखवलं. "छोटी गाठ आहे, अर्ध्या तासात काढून देतो" म्हणाले आणि दिली काढून. मॅमोग्राफी (स्तनाचा क्ष-किरण फोटो) नाही, सुईची तपासणी नाही. ताई संध्याकाळी घरी आली, दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापत होती. भावजी ती गाठ बरणीत घालून एसटीने सांगलीला तपासायला घेऊन गेले. बाराव्या दिवशी रिपोर्ट आला : कर्करोग. गाठ दोन तुकड्यांत काढलेली, वरची बाजू कुठली आणि खालची कुठली याची खूण म्हणून साधा दोराही बांधलेला नाही. त्यामुळे कडेला आजार उरलाय की नाही, हे पॅथॉलॉजीवाल्यांना सांगता येईना. मग मुंबई, टाटा, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून आणि दुसरं ऑपरेशन. स्तन पूर्ण काढला, काखेतल्या ग्रंथीही काढल्या. त्यानंतर हात सुजला तो सुजलाच.

पहिलं ऑपरेशन नीट आखून झालं असतं तर स्तन वाचला असता का, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो प्रश्न विचारायची संधीसुद्धा तिला मिळाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता माझं. ताईमुळे मी दरवर्षी मॅमोग्राफी करून घेते. २०२२ च्या रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स ४बी' असं लिहून आलं. (फोटोत दिसलं त्यात कर्करोगाची शंका किती, ते सांगणारा हा आकडा.) हाताला काहीच लागत नव्हतं, मलाही नाही आणि सर्जननाही नाही. सोनोग्राफीत ९ मिलिमीटरचा ठिपका दिसला. पडद्यावर बघत बघतच ट्रूकट बायोप्सी केली, म्हणजे जाड सुईने त्या ठिपक्याचे तुकडे तपासायला काढले. भूल देताना टोचलं तेवढंच. मग स्टेपलर दाबल्यासारखा खट्ट आवाज, पाच वेळा. शेवईच्या तुकड्यांसारखे पांढरट तुकडे बाटलीत पडताना मी पाहिले.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला, तोही कर्करोगाचाच. पण या वेळी कापायच्या आधी सगळं हाताशी होतं. आकार केवढा, जागा कुठली, काखेत काही दिसतंय का, हॉर्मोनच्या गोळीने आवरणारा आहे का. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी त्या ठिपक्यापर्यंत केसासारखी बारीक तार घातली आणि बाहेरचं टोक चिकटपट्टीने बसवलं. सर्जन त्या तारेच्या मागाने आत गेले. स्तनात निळा रंग टोचला होता. तो काखेतल्या ज्या दोन ग्रंथींपर्यंत आधी पोचला, तेवढ्याच काढून तपासल्या. कोऱ्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी घरी. (लघवी हिरवट-निळी होते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी फार घाबरले होते. म्हणून इथे सांगून ठेवते. एक-दोन दिवसांत जातं.) पुढे १५ वेळा रेडिएशन, आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. आता रोज एक गोळी.

दोघी एकाच आईच्या लेकी. माझ्या दोन्ही हातांत बांगड्या आहेत.

मशीनने जेवढं नेमकं दाखवलं, तेवढं कमी कापावं लागलं. हे आपल्या बायकांपर्यंत पोचावं म्हणून हा धागा. तुमचे अनुभव, शंका जरूर लिहा.

सातारकर (मंगळवार, रात्री १०.१५)

रानजाईताई, वाचताना गळा दाटून आला. तुमच्या ताईंना नमस्कार सांगा.

एक शंका, मनापासून विचारतोय. आमच्याकडे सगळे म्हणतात, गाठीला सुई लावली की कॅन्सर चवताळतो, सगळ्या अंगभर पसरतो. माझ्या चुलतीने याच भीतीने बायोप्सी सात महिने टाळली. तोवर गाठ कातडीतून वर आली होती. ती गेली. आता घरात दुसऱ्या कुणावर वेळ आली तर काय सांगायचं?

क्षकिरण (बुधवार, सकाळी ७.०५)

मी रेडिओलॉजिस्ट आहे. गेली अठरा वर्षं मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचंच काम करते. सातारकर, तुमचा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी ऐकू येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

सुई गेलेल्या वाटेवर काही पेशी सांडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी दिसतात, हे खरं आहे. पण त्यामुळे आजार अंगभर पसरतो किंवा सुई लावलेल्या बायकांचं आयुष्य कमी होतं, असं आढळलेलं नाही. जगभर गाठ तपासायची पहिली पद्धत हीच आहे. तुमच्या चुलतींना सुईने नाही, त्या सात महिन्यांनी नेलं. हे असं लिहिताना मलाही जड जातंय, पण घरात दुसऱ्या कुणावर वेळ आली तर एवढं एक वाक्य पुरे आहे.

रानजाईताईंच्या ताईंच्या बाबतीत जे झालं, त्याला आम्ही न आखलेलं ऑपरेशन म्हणतो. आजही सर्रास होतं. तोटा नुसता दुसऱ्या ऑपरेशनचा नाही. गाठ एकदा निघून गेली की ती मुळात केवढी होती, कुठवर पसरली होती, हे मॅमोग्राफी-सोनोग्राफीत नीट दिसत नाही. टाके आणि सूज मध्ये येतात. शिवाय काही प्रकारच्या कर्करोगांत आधी किमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन करायचं, हे जास्त फायद्याचं असतं. गाठच काढून टाकली तर किमो तिच्यावर काम करतोय का, हे बघायला समोर काही उरत नाही. ट्रूकटच्या चार-पाच तुकड्यांवर कर्करोग आहे का, कुठल्या जातीचा, हॉर्मोनचा आहे का, हर-२ (कर्करोगाच्या पेशींवरचं एक प्रथिन) आहे का, सगळं कळतं.

बायरॅड्सबद्दल थोडं. तो आकडा बघून बायका रडत येतात. १ आणि २ म्हणजे निश्चिंत राहा. ३ म्हणजे बहुधा साधं, धोका दोन टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे सुई लावून बघायलाच हवं, पण त्यातही ए, बी, सी अशा पायऱ्या आहेत. ४ए मध्ये कर्करोग निघण्याची शक्यता २ ते १० टक्के, ४बी मध्ये १० ते ५०, ४सी मध्ये त्याहून वर. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. आणि ० म्हणजे शून्य धोका नव्हे! ० म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी लागेल. शून्य बघून रिपोर्ट कपाटात ठेवून दिलेल्या बायका मला वर्षभराने भेटल्या आहेत, म्हणून इतकं आवर्जून सांगते.

चाळिशीच्या आतल्या बाईला गाठ लागली तर आम्ही आधी सोनोग्राफी करतो. तरुण स्तन घट्ट असतो, मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. धुक्यात पांढरी गाय शोधण्यासारखं होतं ते. एमआरआय सगळ्यांना लागत नाही. घराण्यात बीआरसीए जनुकाचा दोष (ज्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) असेल किंवा मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचं जुळत नसेल, तेव्हा तो खरा उपयोगी पडतो.

अबोली१९ (बुधवार, दुपारी १.३०)

मॅडम, मी नेहमी नुसतीच वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझ्या आईला, वय ६१, डाव्या बाजूला तीन महिन्यांपासून गाठ आहे. दुखत नाही म्हणून तिने सांगितलंच नाही. गेल्या आठवड्यात अंघोळीला पाणी काढून देताना मला दिसलं, कातडी एका जागी आत ओढल्यासारखी झालीय. इथल्या डॉक्टरांनी फक्त सोनोग्राफी केली आणि सोमवारी गाठ काढायचं ठरवलंय. रानजाईताईंचं वाचून हातपाय गार पडले. सोमवारचं थांबवू का? बाबा म्हणतात, डॉक्टरांना उलट विचारलं तर ते चिडतील.

क्षकिरण (बुधवार, दुपारी २.१०)

अबोली, कातडी आत ओढली जाणं हे साधं लक्षण नाही, तेव्हा थांबायचं आहे ते फक्त सुरीसाठी, तपासणीसाठी नाही. डॉक्टरांशी वाद घालू नकोस. एवढंच म्हण, "सर, ऑपरेशनच्या आधी दोन्ही बाजूंची मॅमोग्राफी आणि ट्रूकट करून घेऊ का? रिपोर्ट हातात आला की तुम्ही म्हणाल तसं." चांगला सर्जन यावर चिडत नाही. आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. मात्र त्याचे महिने होऊ देऊ नका.

मॅमोग्राफीला जाताना आईच्या काखेत, छातीवर पावडर किंवा डिओ नको. पावडरीचे कण फोटोत चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात आणि विनाकारण गोंधळ होतो.

जुनी_वही (बुधवार, रात्री ९.५०)

"मशीनने जेवढं नेमकं दाखवलं, तेवढं कमी कापावं लागलं" हे रानजाईचं वाक्य वाचून राहवलं नाही. वैद्यकाचा इतिहास हा माझा आवडीचा विषय, आणि या वाक्यात शंभर वर्षं सामावली आहेत.

अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली : स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. त्या काळी बायका यायच्या त्याच मोठ्या गाठी घेऊन, आणि आत बघायला काही साधन नव्हतं. हाताला लागेल तेच खरं. जितकं जास्त कापू तितकी बाई वाचेल, ही समजूत त्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षं टिकली.

बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्ये काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांचे क्ष-किरण फोटो घेतले आणि कर्करोग फोटोत कसा दिसतो, याची नोंद केली. मॅमोग्राफीचं मूळ तिथे आहे. ते ज्यू होते, नाझी राजवटीत त्यांचं काम सुटलं. त्यांची मुलगी शार्लोट चित्रकार होती, १९४३ मध्ये ती नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत मारली गेली. मॅमोग्राफीचं नाव निघालं की मला दरवेळी ही बापलेक आठवतात.

पुढे दोन सर्जननी कमी कापायची हिंमत केली. इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी, अमेरिकेत बर्नार्ड फिशर. व्हेरोनेसींनी १९७३ पासून ७०१ बायकांवर तुलना केली. निम्म्यांची हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया, निम्म्यांचा फक्त गाठीकडचा भाग काढून रेडिएशन. फिशर यांचा अभ्यास १,८५१ बायकांचा. दोन्हींचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले : जगण्यात फरक नाही. मात्र फिशर यांच्याच अभ्यासात, गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के बायकांना त्याच स्तनात आजार परतला, रेडिएशन घेतलेल्यांत १४ टक्के. म्हणून "ऑपरेशन झालं, आता शेक कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

काखेचंही तसंच. आधी सगळ्या ग्रंथी काढत. नव्वदीच्या दशकात पहारेकरी ग्रंथी, म्हणजे आजार काखेत सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या, तेवढ्या काढून बघायची पद्धत आली. आणि २०२३ मध्ये इटलीतून 'साउंड' नावाचा अभ्यास आला : गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काख सोनोग्राफीत स्वच्छ, अशा बायकांची काख अजिबात न उघडताही पाच वर्षांचा निकाल तितकाच चांगला, दोन्ही गटांत ९८ टक्क्यांच्या आसपास बायकांना आजार दूर कुठे पसरला नाही. म्हणजे जे काम पूर्वी सुरी करायची, ते निवडक बायकांत आता सोनोग्राफीवर भागतंय.

टेम्सकाठ (गुरुवार, पहाटे ४.२०)

लंडनहून लिहितेय. इथे ५० ते ७१ वयाच्या बायकांना दर तीन वर्षांनी सरकारी आरोग्यसेवेचं पत्र घरी येतं. माझी पहिली मॅमोग्राफी सुपरमार्केटच्या गाड्या लावायच्या जागेत उभ्या असलेल्या मोठ्या व्हॅनमध्ये झाली. दहा मिनिटांचं काम. दोन आठवड्यांनी "पुन्हा या" असं पत्र आलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. थर काढत फोटो घेतात ती टोमोसिंथेसिस झाली, सोनोग्राफी झाली, साधी पाण्याची गाठ निघाली. बोलावलेल्या बहुतेकींना कर्करोग नसतोच, हे तिथल्या नर्सने सांगितलं. पण ती मधली आठवडाभराची रात्र-रात्र जागी राहणं, हीसुद्धा तपासणीची किंमत आहे. ती मान्य करून मी दर वेळी जाते.

इथे बायरॅड्स नाही, एम१ ते एम५ असं लिहितात. पुण्याच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला तर त्यांनी लगेच ओळखलं.

गावशीव (गुरुवार, दुपारी ३.००)

मी आशांची गटप्रवर्तक आहे. सगळ्यांचं वाचलं, पटलंही. पण एक बोलते, राग मानू नका. इथे सगळं बोलणं मशीनपासून सुरू होतंय. आमच्या तीस गावांत मॅमोग्राफी कुठे? जिल्ह्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत माणूस लागतो तो वेगळा.

सरकारच्या २०१६ च्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बाईची पाच वर्षांतून एकदा हाताने स्तन तपासणी आहे. टाटा हॉस्पिटलने मुंबईत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांवर हेच करून पाहिलं, डॉक्टर नव्हे तर शिकवलेल्या आरोग्यसेविकांच्या हाताने, दर दोन वर्षांनी. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ ला निकाल आला. गाठी लवकरच्या पायरीवर सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. त्याहून लहान वयात मात्र फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

माझी अडचण पुढची आहे. बाईला गाठ सापडली की ती पहिल्यांदा जाते कुठे? जवळच्या माणसाकडे. आणि तिथे रानजाईंच्या ताईंसारखं होतं. मला आशांच्या बैठकीत सांगायला चार शब्द हवे होते, ते या धाग्याच्या नावातच मिळाले. येत्या बैठकीत फळ्यावर लिहिणार आहे.

रानजाई (गुरुवार, संध्याकाळी ६.४५)

गावशीव, राग कसला! तुमच्या आशांपैकी एक जरी २०१६ मध्ये ताईच्या दारात आली असती तर? जरूर लिहा फळ्यावर. आणि योजनेचंही सांगा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन येतं. ताईचं रेडिएशन त्यातूनच झालं. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते मात्र आधी बघून घ्यायला लावा. आमचे चार दिवस त्यातच गेले.

कमलपत्र (शुक्रवार, सकाळी ११.००)

आमच्या सोसायटीत शिबिर आहे. उष्णतेचा फोटो काढून स्तनाचा कर्करोग ओळखतात म्हणे. दाबत नाहीत, रेडिएशन नाही. मॅमोग्राफीऐवजी हे केलं तर चालेल का? आणि गाठ गोठवून मारायची पद्धत निघाली आहे, तीही वाचली. ऑपरेशनच नको मग!

क्षकिरण (शुक्रवार, रात्री ८.३०)

मॅमोग्राफीऐवजी म्हणून चालणार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही थर्मोग्राफी, म्हणजे हा उष्णतेचा फोटो, मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असं स्पष्ट बजावलं आहे. रेडिएशनची धास्ती घेऊ नका. निसर्गातून आपल्याला साधारण सात आठवड्यांत जेवढं मिळतं, तेवढंच एका मॅमोग्राफीत मिळतं. दाबणं काही सेकंदांचं असतं आणि ते त्रास द्यायला नसतं. स्तन पसरला की किरण कमी लागतात आणि एकामागे एक लपलेलं सुटं होऊन दिसतं. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलात तर दुखतं कमी.

गोठवण्याची पद्धत खरी आहे, क्रायोअब्लेशन म्हणतात. सोनोग्राफीत बघत सुई गाठीत घालायची आणि टोकाशी बर्फाचा गोळा तयार करायचा. अमेरिकेतल्या आइस-३ अभ्यासात साठीपुढच्या १९४ बायका होत्या, गाठ दीड सेंटिमीटरच्या आत आणि सौम्य जातीची. पाच वर्षांत चार टक्क्यांच्या आसपास बायकांना त्याच स्तनात आजार परतला. चांगला निकाल आहे, पण फार निवडक बायकांचा. आपल्याकडे येणाऱ्या गाठी बहुतेक याहून मोठ्या असतात. लवकर सापडली तरच हे दार उघडतं.

आपल्या मातीतलं एक सांगते. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने ११ केंद्रांत जवळपास १,६०० बायकांवर अभ्यास झाला. गाठ काढायच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचं, दातांचे डॉक्टर भूल द्यायला वापरतात तेच. २०२३ मध्ये निकाल आला : पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. नवं मशीन नाही, महाग औषध नाही. कुठल्याही तालुक्याच्या थिएटरमध्ये हे औषध कपाटात असतं. मला या कामाचा फार अभिमान आहे.

अबोली१९ (तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९.१५)

धागा वर काढतेय. सोमवारचं ऑपरेशन थांबवलं. मॅडमनी सांगितलं तसंच बोलले. डॉक्टर चिडले नाहीत, उलट मोठ्या गावातल्या सेंटरला चिठ्ठी दिली. बाबा बाहेर येऊन म्हणाले, एवढंच विचारायचं होतं होय.

गाठ २.४ सेंटिमीटर. काखेतल्या एका ग्रंथीतही सुई घातली, तिथेही आजार आहे. हर-२ पॉझिटिव्ह. आधी किमो आणि त्याबरोबरचं इंजेक्शन, मग ऑपरेशन. गाठ चांगली वितळली तर स्तन ठेवता येईल, कदाचित काखही पूर्ण साफ करावी लागणार नाही, असं म्हणाले. आई हे ऐकून काही बोलली नाही, पण घरी आल्यावर तिने स्वतःहून चहा मागितला.

येत्या गुरुवारी गाठीत आणि त्या ग्रंथीत क्लिप घालणार आहेत. अंगात लोखंड ठेवणार म्हणून ती घाबरलीय. ते कशाला?

क्षकिरण (सोमवार, रात्री १०.००)

शाबास अबोली. क्लिप तिळाएवढी असते, बहुधा टायटॅनियमची. गंजत नाही, टोचत नाही, एमआरआयलाही चालते. किमोने गाठ इतकी विरघळू शकते की शेवटी सोनोग्राफीत काहीच दिसत नाही. मग सर्जनने कुठे जायचं? त्या वेळी क्लिप जागा दाखवते. ग्रंथीतली क्लिपही त्यासाठीच, म्हणजे जी आजारी होती नेमकी तीच काढून बघता येते. आईला सांग, शेतात पेरलेल्या जागी काठी रोवतो ना, तसं आहे.

रानजाई (सोमवार, रात्री १०.२०)

अबोली, सेंटरचं नाव मला निरोपात कळव. गुरुवारी मी आणि ताई दोघी येतो. ताईच म्हणतेय, "मला घेऊन चल, त्या माउलीशी मी बोलते." आईला साडीच नेसू दे, पुढच्या हुकांचा ब्लाउज सोयीचा पडतो, हात वर करायला लागत नाही. क्लिप घातल्यावर जागा बघायला पुन्हा मॅमोग्राफी काढतात, तेव्हा पावडर लावू नको म्हणावं. आणि काहीतरी खाऊन निघा.